मामाचं सिसाक

मुलांनो, सातारा जिल्ह्यात जन्मून क्रोएशियातल्या एका गावाचा अभिमान वाहणारा माणूस माझ्या धाकट्या मामाखेरीज दुसरा झाला नसेल. गावाचं नाव सिसाक. मामाने ते पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन तो इटलीतल्या इस्पितळात पडला होता आणि शेजारच्या खाटेवर त्या गावचा एक सैनिक होता. मोडक्या इटालियनमध्ये आणि हातवाऱ्यांनी दोघांनी एकमेकांना आपापली गावं दाखवली. मामा बरा झाला. तो सैनिक गेला. जाण्याआधी त्याने मामाकडून वचन घेतलं होतं, माझं गाव लोकांना सांग.

मामाने ते फार मनावर घेतलं. पाहुण्यांना माहुलीच्या संगमावर नेलं की कृष्णा-वेण्णा बाजूला राहायच्या आणि सिसाकच्या कूपा-सावा वाहू लागायच्या. "आवं, तितं तिकोनी किल्ला हाय, पक्क्या विटांचा! तुर्काची फौज चाल करून आली, ती समदी नदीत बुडाली!" तिथे परसात खणलं तरी रोमन लोकांच्या विटा निघतात, धान्याच्या बोटी काठच्या कोठारांपाशी रिकाम्या होतात, हे आमच्या गड्यांनाही पाठ होतं. एकदा उसाला पाणी देताना तो गड्याला तिथल्या पुलाच्या कमानी समजावत बसला आणि सगळं पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं. शेजारी म्हणाला, "लय ग्वाड सांगताय. रोज सांगत जावा." मामाला ती दाद वाटली.

मला पाहायला सांगलीचे पाहुणे येणार होते. आधीच्या स्थळाने 'मुलीच्या मामाचं डोकं लढाईत फिरलंय' म्हणून नकार कळवला होता. आईने मामाला माजघरात गाठलं. "शिवा, आज त्ये गाव काढायचं न्हाई. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय."

"व्हय, आक्का."

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मामासाहेब, लढाईत कुठं कुठं होता?"

मामाने आईकडे पाहिलं. "हितं तितं," म्हणाला. एवढं लहान उत्तर त्याने जन्मात दिलं नव्हतं. मग तो पानाच्या तबकाकडे टक लावून बसला.

वडील माझ्याकडे वळले. "बाळ, इंग्रजी शिकलीयस म्हणं. काहीतरी बोलून दाखव बघू."

मी एक कविता पाठ केली होती. मामाकडे पाहिलं आणि कविता राहिली. दोन नद्या, किल्ला, बुडालेली फौज, कोठारं, सगळं इंग्रजीत सांगत सुटले. 'सिसाक' ऐकू येताच मामा ताठ बसला. आईने पदर तोंडाला लावला.

इतका वेळ गप्प असलेला मुलगा म्हणाला, "महायुद्धानंतर त्या कोठारांचं काय झालं?"

मामाला आता राहवेना. "आवं पावणं, त्येच तर मला बी ठावं न्हाई. सांगणारा रातीला झोपला, त्यो उठलाच न्हाई."

मुलाने पानाचं तबक मामापुढे सरकवलं आणि म्हणाला, "मग जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा." मुलांनो, ते तुमचे आजोबा.

लग्नानंतर मामा सांगलीला आला की आजोबा त्याला हरिपूरच्या संगमावर नेत आणि मुकाट ऐकत. एका संध्याकाळी मामा बोलता बोलता थांबला. "जावईबापू, त्येचा चेहराच आठवंना झालाय मला."

"गाव आठवतंय ना?"

"त्ये आठवतंय की."

"मग सांगा."

मामाने पुन्हा किल्ल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी मात्र तो फार हळू बोलत होता, असं तुमचे आजोबा सांगत.