चतुराला सांगायची बातमी

लाँड्रीमावशी तळ्यावर पोचली तेव्हा तिच्या पायांत गोळे आले होते. रात्रभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या आणि सकाळी इथे चतुरांच्या उत्सवात मिरवायचं! डोळे नुसते चुरचुरत होते बिचारीचे.

मिरवायची हौस तिला नव्हतीच. पण ती या तळ्याकाठच्या मूळ लोकांतली, आणि त्यांची एक जुनी रीत. दर वर्षी ते चार पंखांचे चतुर किडे तळ्यावर परत आले की घराण्यातल्या थोरल्या बाईनं पाण्याशी जायचं आणि बसलेल्या चतुराला घरची बातमी सांगायची. कोण जन्मलं, कोण गेलं. चतुराला सांगितलं की माणूस खरं गेलं. तोवर गेलेल्याच्या सामानाला हात लावायचा नाही. आजवर हे काम ताईचं. पण ताईच हिवाळ्यात गेली आणि थोरलेपण मावशीच्या गळ्यात पडलं.

म्हणजे ताई गेली, हेच आता तिला सांगायचं होतं. आणि तेच तिला नको होतं.

ताईच्या नवऱ्याला, भावोजींना, मात्र हवं होतं. ते तर मागेच लागले होते. "उरक गं एकदाचं. तिच्या चपला दारात, शाल खुंटीवर. मी रोज अडखळतो. असं भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं?" आज ते पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

आधी शास्त्रज्ञ बाई बोलल्या. छान बोलल्या, खोटं कशाला सांगा! चतुराचं पिल्लू बराच काळ पाण्याखाली राहतं, मग लव्हाळ्यावर चढतं, कात टाकतं आणि उडून जातं. त्यांनी एक रिकामी कात दाखवली. आत कोणी नाही, तरी पायांनी काडी घट्ट धरलेली. मावशीला दारातल्या चपला आठवल्या.

"आता मावशी आपल्याला प्रात्यक्षिक दाखवतील," सूत्रसंचालक ओरडला. "पाचच मिनिटं हं, मावशी!" जसा काही मिक्सरच विकायचा होता.

ती पाण्याशी गेली. माईक घेऊन तो मागे मागे. काठाशी एक लाल चतुर बसला होता.

"धाकट्या लेकीला मुलगा झाला," मावशी त्याला म्हणाली. "छप्पर गळायचं थांबलं. आता माझे गुडघे धरलेत." लोक हसले. "आणि..."

पुढे जी मिठाची गुळणी धरली, ती धरलीच. सूत्रसंचालकाला वाटलं, संपलं. "जोरदार टाळ्या!" टाळ्यांसरशी चतुर उडाला. आणि मावशीला चक्क हायसं वाटलं. सुटले बाई, राहिलं यंदा.

भावोजी रागावले नाहीत. काठी टेकत आले आणि काठावरच्या दगडावर बसले. "मी बसतो इथे. दुसरा येईल. तू दमलीस, घरी जा."

जाते कसली! तीही शेजारी टेकली. मंडप उतरला, खुर्च्या एकात एक गेल्या, मुलांचे कागदी पंख गवतात पडून राहिले. शास्त्रज्ञ बाई जाताना पाण्याची बाटली ठेवून गेल्या. मावशीला बसल्या बसल्या डुलकी लागली.

भावोजींनी तिचा हात दाबला तेव्हा उन्हं उतरली होती. एक चतुर त्यांच्या काठीच्या मुठीवर बसला होता. तो उडू नये म्हणून म्हाताऱ्यानं श्वाससुद्धा रोखला होता. मावशीला त्यांची फार दया आली. या माणसानं त्या चपला अजून किती दिवस ओलांडायच्या?

"आमची ताई गेली," ती चतुराला म्हणाली. "हिवाळ्यात. झोपेतच गेली." आणि इतके महिने अडवून धरलेलं रडू तिला कोसळलं.

चतुर जरा वेळ बसला, मग पाण्यावरून निघून गेला.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "झालं, भावोजी. चला, आता तुमच्याकडे जाऊन चपला उचलू."

भावोजी अजून काठीच्या रिकाम्या मुठीकडेच बघत होते.

"आज नको गं," ते म्हणाले. "आजची रात्र राहू दे."