आधी विचारा

हिरा गेल्याचा फोन माझ्या वाशीच्या ऑफिसात आला. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "न्युमोनियानं गेली... तू ये." त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही दोघी सारसोळे कोळीवाड्यातल्या, घराला घर लागून. पोलिओने लहानपणीच तिचे दोन्ही पाय गेले. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. हिरा चिडवायला 'मास्तरीण' म्हणायची. अपंगांसाठी कायदा झाला तशी ती हाताने चालवायची तीनचाकी घेऊन नेरूळ-बेलापूर पालथं घालू लागली. कुणाचा दाखला अडलाय, कुणाचा पास... भांडायची ती, अर्ज लिहायचे मी.

तिचा नियम एकच, न विचारता उचलायचं नाही. लग्नात मावश्या मायेने तिच्या काखेत हात घालायच्या, की ही फटकारायची, "मी म्हावऱ्याची पाटी हाय काय? आधी इचारा."

दाखले मिळायचे त्या सरकारी कचेरीला चढायला पायऱ्या होत्या. शिपाई उचलायला धावायचे, ती नाही म्हणायची आणि साहेबांनाच खाली बोलवायची. शेवटी कंटाळून त्यांनी उतार बांधला, पण असा उभा की बकरीही घसरावी.

"बाई, दिला ना बांधून? आता कसलं टेन्शन?"

"या साहेब, बसा माझ्या गाडीत. चढवून दाखवा."

साहेब खरंच बसले. अर्ध्यावरून गाडी मागे घसरली, शिपायांनी धावत जाऊन साहेबांना धरलं. हिरा शांतपणे म्हणाली, "इचारून धरा रे त्यांना." साहेबसुद्धा हसले. तो उतार पाडून नवा बांधायला घेतला. सिमेंट ओलं असतानाच ती आजारी पडली. त्या उतारावरून चढायचं तिचं राहूनच गेलं.

तिरडी उचलायला चौघे वाकले तेव्हा तिची आई आडवी आली. "थांबा. तिला इचारलं का कोनी?" मग भाऊ खाली बसला, तिच्या कानाशी वाकला. "हिरे, उचलू ना गं?" मगच त्याने तिरडीला हात घातला.

तीनचाकी आमच्या पडवीत होती. करंजाड्याच्या एका मुलीला द्यायचं ठरलं. काल टेम्पोवाला आला, वाकून त्याने गाडीला हात घातला.

"थांब रे," मी म्हटलं.

तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला. आता कुणाला विचारायचं, ते मला सुचेना.