हातातला हात

जिंकायला शिकवणारे कप्तान ठाणे जिल्ह्यात गल्लोगल्ली मिळतील; सात माणसांना नीट हरायला शिकवणारा एकच झाला, आणि तो आमचा हुतूतूचा कप्तान. कळव्याच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथल्या मिठागरात तो दिवसभर राबायचा आणि ऊन उतरलं की आम्हाला राबवायचा. बुटका, मानेऐवजी थेट खांदेच असलेला, शाळेची पायरी न चढलेला. पण सामन्याआधी मैदानाची चिमूटभर माती जिभेवर ठेवून "खारट हाय, पाय सरकंल" असं तो म्हणाला, की हमखास कुणीतरी सरकायचा. बहुतेक वेळा तोच. आमचा दम मोजायची त्याची तऱ्हा तर आणखीच वेगळी. पाण्यानं भरलेल्या घंगाळात आमची तोंडं बुडवायची आणि काठावर टिचक्या मारत सावकाश एकेक स्टेशन म्हणायचं: मुंब्रा, दिवा, डोंबिवली... ज्यानं तोंड वर काढलं तो तिथं उतरला. मी कायम ठाकुर्लीला उतरायचो. "बीए झालास ना रं? मंग कल्याण तरी गाठ!" तो स्वतः टिटवाळ्याच्या पुढे जायचा आणि वर आल्यावर विचारायचा, "गनपतीला नमस्कार केला का कुनी?"

मग नवे नियम आले. छापील पुस्तकात आले, म्हणून ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. चढाई करताना आता 'हुतूतू' म्हणायचं नाही, 'कबड्डी' म्हणायचं. आम्ही पोरांनी जीभ वळवली. कप्तानही निघताना स्पष्ट 'कबड्डी, कबड्डी' करत निघायचा; पण समोरच्या दोघांना टिपलं आणि अंगात रग आली, की त्याची जीभ आपसूक जुन्या वाटेला लागायची. हुतूतूतूतू! की पंचांची शिट्टी. डोंबिवलीत हरलो, मुंब्र्यात हरलो, कल्याणला तर लागोपाठ दोनदा हरलो. "दम बदलला, खेळाडू बाद," पंच म्हणाले. कप्तान कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "दम त्योच हाय हो पंच, शबूदच तुमी बदललाव!" लोक हसले. पंचही हसले, पण त्याला बादच दिलं.

हरल्यावर मात्र त्याचा एक कायदा होता, आणि तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. मैदानात धरतो तशी साखळी धरूनच घरी जायचं. सातही जणांनी, हातात हात घालून, भर बाजारातून. टांगेवाले शिव्या घालायचे, भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मी एकदा चिडून म्हणालो, "कप्तान, हा काय तमाशा?" तर म्हणाला, "हरलेला गडी येकला घरी गेला ना, का रस्ताभर दुसऱ्याला शिव्या घालतो. हात हातात आसला म्हंजे कुनाला घालशील?" खरं सांगतो, इतकी हार खाऊनही आमच्यात एकदाही भांडण झालं नाही.

आमच्या गावातला पहिला बीए मी. हे आजही छाती काढून सांगतो, कारण वडिलांचे पाय मिठानं फुटले तेव्हा कुठे ती पदवी घरात आली. ठाण्याच्या एका कचेरीत मला नुकतीच नोकरी लागली होती. त्याच ठाण्यात आम्ही पाचव्यांदा हरलो. साखळी धरून खाडीच्या पुलाकडे निघालो. कडेला कप्तान, त्याच्या शेजारी मी, चड्डी-बनियनवर, नखशिखांत मातीनं माखलेला. आणि समोरून आमचे हेडक्लार्क आले, पत्नीसह. माझे दोन्ही हात आपोआप सुटले. आपोआप असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय. खरं म्हणजे मी ते सोडवून घेतले.

"अहो, तुम्ही इथे? ही मंडळी तुमच्याकडची का?"

"छे, छे," मी म्हणालो. "मी नुसता सामना बघायला आलो होतो."

त्यांनी माझ्या बनियनकडे पाहिलं. तेवढ्यात कप्तान हात जोडून पुढे झाला. "व्हय सायेब, बघायलाच आलेले. मी पडलो, तर मना उठवाया धावले. त्यात त्यांची कापडं खराब झाली बघा." मग मागे वळून त्यानं माझ्या पलीकडच्या गड्याचा हात धरला आणि सहा जणांची साखळी पुलाकडे गेली. मी मागून चालत गेलो, बरंच अंतर ठेवून.

दुसऱ्या दिवशी त्यानं कप्तानी सोडली. मला एका शब्दानं बोलला नाही. बाकीच्यांना एवढंच म्हणाला, "साखळी माज्या हातातून सुटली. ज्याला हात धरता येत नाय, तो कसला कप्तान?" सगळे त्याची समजूत घालत होते, आणि हात कुणी सोडला हे ठाऊक असलेला मी मान खाली घालून बसलो होतो. तेव्हाच उभं राहून बोलायला हवं होतं. पदवीदान समारंभात शंभर माणसांपुढे ताठ चालत गेलेला मी, सहा माणसांपुढे उठू शकलो नाही.

पुढच्या सामन्याला आम्ही जिंकलो. सगळ्यांनी स्वच्छ 'कबड्डी' म्हटलं, शिट्टी एकदाही वाजली नाही. मी धावत मिठागरावर गेलो. कप्तान गुडघाभर पाण्यात फावड्यानं मीठ ओढत होता.

"कप्तान, जिंकलो!"

त्याचा चेहरा फुलला. "शाब्बास रं बीए! आनि घरी कसे आले?"

या वेळी मी खोटं बोललो नाही. "ज्याचा तो आला," म्हणालो.

त्यानं नुसती मान हलवली आणि पुन्हा मीठ ओढायला लागला. बांधावरून माझा हात पुढे झाला होता. तो त्यानं पाहिला की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्याचे दोन्ही हात फावड्यावर होते.