पुन्हा बाथटब नको

पुन्हा लॉकडाऊन लागणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा आमच्या घरात सर्वांत आधी घाबरली ती माझी मुलगी. आणि ती आजाराला घाबरली नव्हती. ती आमच्या बाथटबला घाबरली होती.

यामागे इतिहास आहे. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधलं आमचं घर तीन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. मागच्या लॉकडाऊनमध्ये आम्ही तिघंही दिवसभर घरात. नवरा गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. त्याच्या टीममध्ये सगळे एकाच वेळी आणि मोठ्यांदा बोलतात, म्हणून स्वयंपाकघर त्याला दिलं. दार लावून बसा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजा, एवढ्या अटीवर. मी सुट्या भागांच्या पुरवठ्याचं नियोजन करते. मी बाहेरच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. इस्त्रीचं टेबल हवं तेवढं वर-खाली करता येतं, माझ्या ऑफिसातल्या टेबलाला ती सोय नव्हती. मुलीच्या खोलीसमोर इमारतीचं बांधकाम चालू होतं, आणि जर्मनीत सगळं थांबलं तरी ते थांबलं नाही. आमच्या झोपायच्या खोलीत इंटरनेट पोचत नव्हतं. उरली बाथरूम. शांत, आणि राउटर दाराबाहेरच. मी कोरड्या टबात गादी अंथरली, पाठीला दोन उशा दिल्या, टबाच्या काठांवर पुस्तकांच्या कपाटातली एक फळी आडवी टाकली, आणि मुलीची सातवी तिथे बसवली.

शाळेच्या सुट्टीतच बाथरूम वापरायची, असं वेळापत्रक मी फ्रीजवर लावलं होतं. नवरा एकदा ते विसरला. भूगोलाचा तास चालू असताना खांद्यावर टॉवेल टाकून, गाणं म्हणत आत शिरला. त्या वर्गातली मुलं रस्त्यात भेटली तर आजही त्याला खूप आदराने नमस्कार करतात.

माझ्या मते ती व्यवस्था उत्तम होती. मुलीच्या मते नव्हती, हे मला सहा वर्षांनी कळलं.

आता ती एकोणीसची. हायडेलबर्गला जीवशास्त्राला प्रवेश मिळालेला, सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होणार, आणि राहायला खोली मिळालेली नाही. तेवढ्यात कुठल्याशा नव्या विषाणूच्या बातम्या यायला लागल्या. टीव्हीवर एक तज्ज्ञ म्हणे काळजीचं कारण नाही, दुसरा म्हणे आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर काढ्यांच्या कृती पुन्हा फिरू लागल्या. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी पिशव्या भरभरून नूडल्स आणून तळघरात ठेवताना दिसल्या. मी जिन्यात त्यांना विचारलं, "एवढ्या कोण खाणार?" तर म्हणाल्या, "मागच्या वेळी मला फक्त अळ्यांसारख्या त्या बारीक मिळाल्या होत्या. या वेळी मी आधी आले."

मुलगी त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "खोली मिळायच्या आधी दारं बंद झाली, तर माझं अख्खं पहिलं सेमिस्टर त्या टबात जाईल." हे ती जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. इथे तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात ती माझ्यावर एवढे उपकार करत नाही.

"अगं, खोली नाही मिळाली तर इथून ये-जा कर," नवरा म्हणाला. "दोन तासांचा तर प्रवास."

"बाबा, गाडी आली तर दोन तास."

"आणि तो टब काही वाईट नव्हता," मी म्हणाले. "गणितात तुला तेव्हाच सगळ्यात चांगले मार्क होते."

ती जेवण टाकून उठली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिला दुसरी पोळी विचारली नाही.

इथले विद्यार्थी तिघं-चौघं मिळून एक घर भाड्याने घेतात. त्याला वेगे म्हणतात. एक जण गेला की त्याच्या खोलीसाठी नवा माणूस शोधतात, आणि आलेल्या प्रत्येकाला स्वयंपाकघरात बसवून प्रश्न विचारतात. त्याला चक्क कास्टिंग म्हणतात. स्वयंपाक येतो का, उशिरा उठतेस का, भांडी लगेच घासतेस का, पाहुणे किती येतात. मी हे नागपूरला सासूबाईंना फोनवर समजावून सांगितलं.

"म्हणजे पोरगी पाहायचा कार्यक्रम," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच, आई."

"अन् पोहे कोण करून राहिलं?"

"पोहे नसतात हो. पाणी देतात. नळाचं."

"नळाचं पाणी देऊन पोरगी पाहतात? मग नाहीच म्हणा त्यांना."

नाही म्हणायची आमची परिस्थिती नव्हती. बऱ्याच अर्जांनंतर एका वेगेने तिला बोलावलं. मला हायडेलबर्गला काही काम नव्हतं, तरी मी सोबत गेले. गाडीत मी तिची तयारी करून घेतली. बाकीची उत्तरं तिची तिने ठरवली होती, पण एक प्रश्न त्या दिवसांत सगळीकडेच विचारत होते: लॉकडाऊन लागला तर काय करशील? त्याचं उत्तर मी दिलं.

"सांग, मी लगेच आईवडिलांकडे जाईन. तुम्हाला त्रास नाही, फ्रीजमध्ये जागा मोकळी, बाथरूमला रांग नाही, आणि भाडं मात्र वेळेवर येत राहील. यात कोणाला काय नको असणार?"

"पण मी जाणार नाही ना घरी."

"ते नंतर बघू. आधी खोली पदरात पाड."

शंकरपाळ्यांचा डबा तिने न्यायला नकार दिला. मी कोपऱ्यावरच्या बेकरीत बसले आणि कॉफीबरोबर त्यातले निम्मे लपवून खाल्ले. ती तासाभराने आली, खुशीत होती. मुली छान होत्या, घर छान होतं, हसल्या सगळ्या.

परतीच्या गाडीत मेसेज आला. तिने तो वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. तू आम्हाला आवडलीस, असं लिहिलं होतं, पण आम्हाला इथे राहणारी व्यक्ती हवी आहे, पहिल्या शिंकेला बॅग भरणारी नको.

"मामा," ती म्हणाली, "हे तुझं उत्तर होतं." जर्मनमध्ये आईला मामा म्हणतात. माझ्या सख्ख्या भावाला याची अजून सवय झालेली नाही.

उत्तर चूक होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. मी म्हटलं, घर चुकीचं होतं. श्टुटगार्ट येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, आणि गाडी उशिरा असल्यामुळे श्टुटगार्ट यायला खूप वेळ लागला.

सासूबाईंना कळवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तूच शिकवलं असशील ना तिले काहीतरी?"

चोवीस तास कॅमेरा लावल्यासारखं त्यांना कसं कळतं, देव जाणे. मी सगळं सांगितलं.

"मलेही माझ्या मायनं शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "पाहायले आले तेव्हा सासऱ्यानं विचारलं, एवढ्या मोठ्या कुटुंबात राहशील का? माय म्हणे, हो म्हण, नंतर पाहू. म्हटलं हो. अन् मग राहा लागलं ना बाप्पा! जन्मभर! अकरा माणसं अन् एक न्हाणी. तिले तिचं तिले बोलू दे."

यावर मी म्हटलं, "बरं, आई." दुसरं काय म्हणणार? त्या न्हाणीपुढे मीही लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला रांग लावली होती.

त्यानंतर मला कास्टिंगच्या भानगडीतून बडतर्फ करण्यात आलं. सप्टेंबर संपत आला. माझ्या ऑफिसात घरून कामाचे दिवस वाढवले, 'केवळ खबरदारी म्हणून'. नवऱ्याच्या कंपनीनेही तेच केलं. स्वयंपाकघराचं दार पुन्हा लागलं. मी इस्त्रीचं टेबल पुन्हा उघडलं, तेव्हा त्याच्या किरकिर आवाजाने मुलगी खोलीतून बाहेर येऊन दारात उभी राहिली. टेबल फक्त इस्त्रीसाठी उघडलंय असं सांगायला मी एक शर्ट आणून त्यावर ठेवला.

दुसऱ्या वेगेचं बोलावणं आलं ते अशा एका दिवशी. तेही घाबरलेले असावेत, म्हणाले, भेट व्हिडिओवर करू. तिघं जण राहत होते, चौथी खोली रिकामी. वेळ दुपारची. नवरा स्वयंपाकघरात ब्रेकवरून भांडत होता, मी बाहेरच्या खोलीत पुरवठादारांशी. मुलीच्या खिडकीखाली नगरपालिकेने त्याच दिवशी रस्ता खोदायला काढला. माझा कॉल संपला, धुवायच्या कपड्यांची टोपली उचलली आणि बाथरूमकडे गेले, तर दार आतून बंद आणि आतून तिचा आवाज.

कास्टिंग टबात चालू होतं.

मी परत फिरायला हवं होतं हे मान्य. पण टोपली जड होती, आणि आमची दारं पातळ आहेत.

"तू कुठे बसली आहेस?" कोणीतरी मुलगी विचारत होती. "मागे फरश्या दिसताहेत."

"बाथटबमध्ये," माझी मुलगी म्हणाली. "माझी सातवी इथेच झाली." आणि तिने सगळं सांगितलं. उशा, फळी, फ्रीजवरचं वेळापत्रक, भूगोलाचा तास, टॉवेल. नवऱ्याच्या गाण्याची नक्कल तिने इतकी हुबेहूब केली की मला टोपली खाली ठेवावी लागली. पलीकडे तिघंही हसत होते.

मग एका मुलाने तो प्रश्न विचारला. "बरं, पुन्हा लॉकडाऊन लागला, तर तू इथे राहशील की घरी जाशील?"

मी मनातल्या मनात म्हटलं, जाईन म्हण, राहीन म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण पटकन म्हण.

"तुमच्याकडेच राहीन," ती म्हणाली. "आईबरोबरचा एक लॉकडाऊन माझा करून झालाय."

सगळे इतके हसले की आवाज फाटला. मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. मग मी पाहिलं तर टोपलीत मोजा एकच होता, आणि दुसरा कुठे गेला या विचारात ते बाजूला पडलं.

तो मुलगा हसायचा थांबून म्हणाला, "मी विचारतो, कारण मागच्या वेळी सगळे घरी गेले. मी पहिल्या वर्षाला होतो. हिवाळाभर या चार खोल्यांत मी एकटा होतो. झाडांशी बोलायला लागलो होतो. आता माझी पीएचडी चालू आहे आणि मला पुन्हा झाडांशी बोलायचं नाही."

"तू का नाही गेलास घरी?"

"आमच्याकडे आजी आहे. तिला काही झालं असतं तर."

मुलगी म्हणाली, "माझी आजी इथे असती तर तिने पहिलं विचारलं असतं, जेवायला कोण करत होतं तुला?"

"कोणी नाही. नूडल्स."

"नूडल्स आमच्याकडे आहेत," ती म्हणाली. "खालच्या आजींकडे तळघरभर आहेत."

एवढं ऐकून मी टोपली उचलून निघून आले.

होकार संध्याकाळी आला. ती फोन हातात धरून इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मिळाली," ती म्हणाली, आणि लगेच, "तू दाराबाहेर होतीस."

"मशीन लावायला आले होते."

"सगळं ऐकलंस?"

"दारं पातळ आहेत."

तिने मराठीत विचारलं, "राग आला?" मराठी ती अशीच वापरते, लागेल तेवढीच.

"कशाचा? मला कोणी विचारलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं. तुझ्याबरोबरचा एक लॉकडाऊन माझाही करून झालाय."

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात स्वयंपाकघराचं दार उघडून नवऱ्याने बाहेर डोकावून विचारलं, काय झालं, आणि कुकर कितव्या शिट्टीवर आहे हे कोणालाच सांगता आलं नाही.

नागपूरला फोन केला. सासूबाईंनी विचारलं, "पसंत केली का पोरगी?"

"केली, आई."

"अन् पोरीले ते पसंत आहेत का?"

फोन स्पीकरवर होता. मुलगी ओरडली, "हो, आजी!"

"मग झालं. आमाले तर हे कोणी विचारलंच नव्हतं."

सामान हलवलं त्या दिवशी खालच्या आजी तळघरातून दोन खोकी घेऊन वर आल्या. विषाणूच्या बातम्या तोवर आतल्या पानावर गेल्या होत्या, आणि त्यांच्या मुलीने त्यांना सांगितलं होतं की आता तळघरात सायकल ठेवायची आहे. नूडल्स सगळ्या जाड्या होत्या, चांगल्या प्रतीच्या. हायडेलबर्गच्या त्या स्वयंपाकघरात खोकी उघडली तेव्हा पीएचडीवाल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. शंकरपाळ्यांचा डबाही या वेळी आत गेला. मी घर बघून घेतलं: खिडक्या नीट लागतात, फ्रीज स्वच्छ, बाथरूम लहान. तिथे फक्त शॉवर होता. मुलीने मला तो मुद्दाम दोनदा दाखवला.

लॉकडाऊन लागला नाही. इस्त्रीचं टेबल कपाटामागे गेलं, आणि तिच्या टेबलावर मी माझा लॅपटॉप मांडला, कारण रस्ता आता भरून झाला आहे आणि ती खोली खरोखर चांगली आहे.

तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा घरी आली. पाठीवर धुण्याची पिशवी. दारातच बूट काढले, मला पिशवी दिली, बाबांना हात केला आणि सरळ बाथरूममध्ये गेली. कडी लागली, मग पाणी सोडल्याचा आवाज, बराच वेळ.

अर्ध्या तासाने नवऱ्याने दार वाजवलं. "अगं, किती वेळ?"

"बाबा," आतून आवाज आला, "आमच्याकडे टब नाहीये."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वेळापत्रक कुठे आहे ते?"

मी म्हटलं, फ्रीजवर बघा. मी ते काढलेलंच नव्हतं.