विणायचं मी, नाव दिराचं

साडी माझ्या पायाशी येऊन पडली. व्यापाऱ्यानं गादीवरून बसल्या बसल्या भिरकावली होती.

"बाईच्या हातचा माल मला नको. घरातल्या बापय माणसाला धाड."

वडगावचे चार-पाच विणकर तिथं बसले होते. एकजण फिसकन हसला. मी खाली वाकून साडी उचलली. त्या वाकण्याची मला अजून चीड येते.

नवरा आठ महिन्यांपूर्वी पुण्याला वॉचमन म्हणून गेला. तेव्हापासून घरातला माग मीच चालवत होते. पण आमच्याकडं बाईनं सूत गुंडाळून कांड्या भरायच्या, मागावर बसायचं ते पुरुषानं. व्यापारी सूतही पुरुषाच्याच नावावर देतो. म्हणून साड्या दीर नेऊन द्यायचा आणि स्वतःच विणल्या म्हणून सांगायचा. त्याला तुटलेला धागा सांधता येत नाही! व्यापारी त्याची पाठ थोपटायचा, "हात बसला रं तुझा." माझी एक साडी तर त्यानं दुकानाच्या दर्शनी काचेत लावली होती.

त्या दिवशी दिराला ताप होता, म्हणून मी गेले. "कुणी इणली?" व्यापाऱ्यानं विचारलं. मूर्खासारखं खरं सांगितलं.

बातमी पुण्यापर्यंत पोचली, संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

"तू कशाला गेलतीस गं? लाज घालवलीस माझी. माग इकून टाकतो. हिकडं ये, सैपाकपाणी बघ."

आठ महिने घर कोण चालवतंय, हे तो विसरला होता. माझं डोकं फिरलं.

"माग इकायचा न्हाय. तुम्ही परत आलासा तर कांड्या भरा. इणणार मी."

त्यानं फोन आपटला. सासू दोन दिवस धुसफुसत होती. धुसफुसू दे.

तिसऱ्या दिवशी मी गल्लीत फिरले. सहा घरांत नवरे बाहेरगावी, कुणी पुण्यात, कुणी बेंगळुरात. सहाही घरांत बायकाच विणतात, चोरून. सगळ्यांचा माल ह्याच व्यापाऱ्याकडं जातो. ते ऐकून मी हसले. बाईच्या हातचा माल नको म्हणे!

सातजणींनी ठरवलं, ह्याला माल द्यायचा नाही. आता लग्नसराई तोंडावर आली आहे आणि आमचे सात माग बंद आहेत. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा दारावरून परत गेला. आम्ही सातजणी दुसरीकडून सूत आणणार, आमच्याच नावावर. त्यानं हात जोडले तरी त्याला एक साडी देणार नाही. त्याचं दुकान ओस पडलं तर पडू दे. पडायलाच पाहिजे.