चुलाणाचं तोंड

टेम्पो दारात उभा होता आणि आमची ही आत चूल सारवत बसली होती. दत्तू, आमचा थोरला, हॉर्न वाजवून थकला. मी म्हणालो, "अगं, आता हिच्यावर कोन जेवनार हाय?"

"म्हनून काय पारोशी ठिऊन जाऊ तिला?"

सारवून झालं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, आणि मग माझ्या आधी टेम्पोत जाऊन बसली. प्रवरेकाठचं आमचं घर असं सुटलं. विहिरीचा तळ उघडा पडला होता, बैल छावणीत होते, आणि दत्तूला नागापूरच्या कारखान्यात फिटरची नोकरी होती. मी त्याला बजावलं, "म्हैनाभर बघंन. न्हाई जमलं तर म्हागारी फिरंन. मला कुनी अडवायचं न्हाई."

माझी शाळा दुसरीपर्यंत, पण शब्द पक्का. आमच्या घराण्यात गाव कुणी सोडलं नव्हतं. तुम्हा गावातल्यांना ते माहीत आहेच, कारण पारावर बसून ते मीच रोज सांगायचो.

या ताठ्याला पहिला धक्का बसला तो पांढरीच्या टेकाडात. ज्या टेकाडाची माती आपण बापजाद्यांपासून घराच्या धाब्यावर पसरतो, ते खणून जुनी वस्ती शोधायला गाव सोडण्याआधीच्या थंडीत पुण्याचे साहेब आले होते. शेतात काम नव्हतं, म्हणून मी कुदळ घेऊन गेलो. साहेबांनी कुदळ काढून घेतली आणि हातात ब्रश दिला! माणूसभर खाली गेलो तर सारवलेली जमीन लागली, पुरलेला रांजण लागला आणि शेजारी चूल. साहेब म्हणाले, तीन हजार वर्षांची असेल. मी म्हणालो, "तीन हजार कशाची, ही तर आमच्या हिची हाय."

फक्त एक गोष्ट वेगळी होती. त्या चुलीचं एक तोंड मातीने लिंपून बुजवलं होतं आणि दुसऱ्या बाजूला नवं फोडलं होतं. मी विचारलं, "ह्या बाईनं तोंड का फिरवलं वो?"

"वारा बदलला असेल, आजोबा. नाहीतर शेजारी भिंत उठली असेल."

"न्हाईतर सासू मेली आसंल," मी म्हणालो. सगळे मजूर पोट धरून हसले.

मग सहज विचारलं, ही माणसं गेली कुठं? साहेब म्हणाले, पाऊस कमी झाला असेल, उठून गेली. माझं हसू जागच्या जागी थांबलं. गाव न सोडण्याच्या बढाया मी गाव सोडून गेलेल्यांच्या डोक्यावर बसून मारत होतो की! घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिनं ते नीट लक्षात ठेवलं.

नागापुरात दोन खोल्या, वर पत्रा. गावात कोंबड्याने उठायचो, इथं भोंग्याने. कोंबडं एखाद्या दिवशी चुकायचं तरी. ही स्टोव्हला पंप मारायला दोन दिवसांत शिकली आणि वर मलाच म्हणते, धूर नाही, डोळं चांगलं झालं. शेजारी एक पुणतांब्याचे, एक सोनईचे. सगळे भले, पण मला कुणी काही विचारायचं नाही. गावात माझ्याशिवाय एका लग्नाचं चुलाण पेटलं नव्हतं, आणि इथं मी खाटेवरचं गाठोडं. महिना भरायला दोन दिवस राहिले तशी मी वळकटी बांधली.

दुसऱ्या दिवशी सोनईचे भानुदास आले. पोरीचं लग्न, आणि स्टोव्हवर एवढी लापशी होणार कशी? "आबा, चुलान खनता का?"

वळकटी ठेवली, कुदळ उचलली. मुरमात लांब चर खणला, दगड बसवले. आमचे बा सांगायचे, "चुलाणाचं तोंड मावळतीला. वारा तिकडूनच येतो." तसं केलं. लग्नाच्या सकाळी पेटवलं आणि सगळा धूर मांडवात! जाळ धरीना, लापशी कच्ची, वऱ्हाड खोकतंय. पुणतांब्याची काकू ओरडली, "आबा, नवरीला रडायला अजून येळ हाय की!"

दत्तू जवळ येऊन हळूच म्हणाला, "आबा, मावळतीला कारखान्याची भिंत हाय. वारा वळसा घालून उत्तरंकडनं येतोय. तोंड फिरवा."

"तू मला चुलान शिकवतो? माझ्या बापानं..."

मी हटलो नाही. मनात पक्कं केलं, लापशी बिघडली तर तोंड दाखवायचं नाही, संध्याकाळची एस.टी. धरायची. तेवढ्यात ही डोळे पुसत पुढं आली. "अवो, टेकाडातल्या बाईला तीन हजार वर्षांमागं कळलं. तुमाला कवा कळायचं?"

मला एवढं हसू आलं की खोकलाही विसरलो. बादलीभर चिखल कालवला आणि बांनी शिकवलेलं तोंड माझ्या हाताने लिंपलं. दत्तूने उत्तरेकडून पहारीने नवं फोडलं. जाळ असा भडकला की कढई गाऊ लागली. पहिल्या पंगतीला लापशी पुरली, दुसरीलाही पुरली. नवऱ्याकडचा एक जण विचारत आला, "चुलान कुनी घातलं? पुढल्या म्हैन्यात आमच्यात पन पायजे." मी जरा खाकरून, मिशीवर हात फिरवून मग सांगितलं.

घरी आलो तर वळकटी सुटलेली. तिच्यातली घोंगडी हिने पाहुण्यांना बसायला अंथरली होती. मीही तिच्यावरच बसलो, आणि बसलो तो बसलोच.

गावच्या मंडळींनो, सणावाराला आमच्या चुलीवरून शेणाचा हात फिरवत जा, तिला पारोशी ठेवू नका. घर तिथंही आहे आणि इथंही. आणि पुढं कधी कुणी साहेब हे नागापूर खणायला आला, तर त्याला एक चुलाण सापडेल, एक तोंड बुजवलेलं, दुसरं उघडं. त्याला सांगा, सासू मेली नव्हती. भिंत उठली होती.