एक केळं

असोद्याचा पितांबर पंधरा वर्षांपासून केळीचे घड वाहतो. दिवसभरात सात-आठ केळी पोटात जातात, तरी संध्याकाळी घरी आल्यावर 'सकाळपासून काही खाल्लं नाही' असंच तो बायकोला सांगतो. त्यात खोटं काही नसतं. त्याच्या लेखी खाणं म्हणजे भाकरी.

त्याच्या पाच वर्षांच्या प्रशीलचं हर्नियाचं ऑपरेशन जळगावात होतं. सकाळी करायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. रात्रीपासून पोराला काही देऊ नका, असं बजावलेलं होतं. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं तेव्हा पितांबर ठामपणे म्हणाला, "काहीच खाल्लं नाही."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी प्रशीललाच विचारलं, "भूक लागली असेल ना रे?"

"नाही. पप्पांनी गाडीवर केळं दिलं."

बाईंनी स्ट्रेचर थांबवलं.

"केळंच तं दिलं व्हतं," पितांबर पुटपुटला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं, आणि मग मूल हाती लागेलच असं नाही, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. ऑपरेशन पुढच्या मंगळवारवर गेलं. परतताना पोराला मोटारसायकलवर बसवायची पितांबरची हिंमत झाली नाही; ती तिथेच ठेवून बापलेक बसने घरी आले.

मंगळवारी सिस्टरनं पुन्हा तेच विचारलं. रात्रभर पितांबर पोराच्या उशाशीच बसून होता. तरी खाली वाकून त्यानं प्रशीलला तोंड उघडायला लावलं, नाक जवळ नेऊन वास घेतला, आणि मगच म्हणाला, "नाही."